‘संगीत संयोजन’ म्हणजे चाल लावणं की वाद्यांची मांडणी?

टिळकवाडीची: चित्रपटसंगीत शिकवणाऱ्या एका शिबिराचा अभ्यासक्रम कानडीतून मराठीत करतेय. शिबिर बेळगावातच, निम्मी मुलं मराठी. पहिल्या भागाचं नाव ‘संगीत संयोजने’, त्यात गाण्याला चाल लावायला शिकवतात. दुसरा भाग ‘ऑर्केस्ट्रेशन’, तीच चाल व्हायोलिन, चेलो, बासरी, ट्रंपेट यांच्यात कशी वाटायची ते. कानडी शिक्षक म्हणतात ‘संगीत संयोजन’च ठेवा, दोन्हीकडे कळतं. मराठी शिक्षक म्हणतात, तसं लिहिलंत तर मुलं भलत्याच वर्गात जाऊन बसतील. दोन शब्द सुचवा.

शहापूरचा पेटीवाला: ताई, मराठी शिक्षकांचं बरोबर आहे. आपल्या नामावलीत संगीतकार वेगळा, संगीत संयोजक वेगळा. अनिल मोहिले यांचं नाव आपण संयोजक म्हणूनच वाचत आलो. चाल संगीतकाराची, दोन कडव्यांमधली सुरावट, गाण्याच्या मागची साथ, ही संयोजकाची.

अथणीकर: पण म्हणून कानडी चूक ठरत नाही. तिकडं भावगीताच्या चालीलाही ‘राग संयोजने’ म्हणतात. युज् म्हणजे जोडणे. त्यांनी शब्दाला सूर जोडला, आपण सुराला वाद्य जोडलं. धातू एकच.

निपाणीकर: सरळ ‘वाद्यवृंदरचना’ लिहा. आकाशवाणीनं १९५२ मध्ये रविशंकरांच्या हाताखाली दिल्लीत वाद्यवृंद उभा केला, तेव्हापासून शब्द रुळलेला आहे. ‘दिग्दर्शक’ हा शब्दही सावरकरांनी दिला तेव्हा लोकांना जडच वाटला असणार. आता कुणाला वाटतो?

खानापूरची माहेरवाशीण: वाद्यवृंद म्हटलं की आमच्यात गणपतीतला ऑर्केस्ट्रा बघा. स्टेज, निवेदक, हिंदी-मराठी गाणी. पोरं गायला नाव द्यायला येतील की!

शहापूरचा पेटीवाला: आणखी एक गोष्ट सुटतेय. संयोजन आणि ऑर्केस्ट्रेशन हेसुद्धा एक नव्हे. कुठं काय वाजवायचं ते ठरल्यावर, ते कुणी आणि कुठल्या पट्टीत वाजवायचं, हे ऑर्केस्ट्रेशन. बी फ्लॅट क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर ‘सी’ लिहिला तर वाजतो बी फ्लॅट. फ्रेंच हॉर्नच्या कागदावर तोच ‘सी’ लिहिला तर ऐकू येतो खालचा एफ. डबल बास तर लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली बोलतो. म्हणजे एकच सूर हवा असेल तर तिघांचे कागद तीन तऱ्हेचे. यात लिहिण्याला महत्त्व आहे, म्हणून मी ‘वाद्यलेखन’ म्हणेन.

कॅम्पातला: आमचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधून रिटायर झाले. ते ‘पार्ट लिहायलोय’ म्हणायचे. क्लॅरिनेटचा पार्ट, कॉर्नेटचा पार्ट. सगळ्यांना कळायचं. मग नवीन शब्द कशाला काढालाय?

निपाणीकर: पार्ट नाटकात करतात. सीमेवर राहून आपणच हात वर केले तर मराठी राहायची कुठं?

कॅम्पातला: दादा, मामांनी अख्खा जन्म मराठीतच काढला. पार्ट म्हणाले म्हणून त्यांची मराठी कमी झाली होय?

अथणीकर: हा शब्द मराठीत नीट का घडला नाही, तेही बघा. हे काम करणारे बरेचसे गोव्याचे. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. चोर्ल्याचा घाट उतरलं की त्यांचा मुलूख. त्यांना सगळे ‘अरेंजर’ म्हणत, आणि पडद्यावर बहुतेकदा त्यांचं नावच यायचं नाही. ज्या कामाचं श्रेय लिहायचं नाही, त्याला शब्द कोण घडवणार? माझ्या मते ‘अरेंजर’ तसाच ठेवावा, त्या माणसांची तेवढी तरी खूण राहील.

खानापूरची माहेरवाशीण: हे पटलं. पण पहिल्या भागाला ‘चाल’च म्हणा हां, ‘स्वररचना’ नको. आमच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवून गेलेल्या पुलंनी ‘गुळाचा गणपती’ला चाली लावल्या, असंच आपण म्हणतो.

टिळकवाडीची: ‘चाल बांधणे’ घेते. दुसऱ्याचं अजून ठरेना. तिसरा भाग ‘हिन्नेले संगीत’, तिथं ‘पार्श्वसंगीत’ चालेल ना? त्यात सेकंदाला २४ फ्रेम आणि मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा १२ फ्रेमची, असले हिशेब आहेत.

निपाणीकर: पार्श्व म्हणजे मागे नव्हे. पर्शु म्हणजे बरगडी, त्यावरून पार्श्व म्हणजे कूस, बाजू. कानडी ‘हिन्नेले’त ‘मागे’ स्पष्ट आहे, आपल्याकडे नाही.

शहापूरचा पेटीवाला: मग पार्श्वभूमी काय बाजूची जमीन? रूढ अर्थ धरा की.

निपाणीकर: रूढ झालं म्हणून बरोबर होत नाही.

कॅम्पातला: मघाशी वाद्यवृंद रुळलाय म्हणून घ्या म्हणाला होता की तुम्ही!

अथणीकर: बाजूला असतं हेच खरं तर जास्त चपखल. चांगलं पार्श्वसंगीत प्रसंगाच्या मागून येत नाही, सोबत चालतं.

निपाणीकर: तसं असेल तर पार्श्वगायकाचं काय? तो पडद्यामागेच असतो.