मदत हवी आहे : कामशेतला रिज सोअरिंग, मित्रांचा ग्रुप

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत आम्ही काही मित्र कामशेतला पॅराग्लायडिंगसाठी जातोय. सगळ्यांचे प्राथमिक कोर्स झालेत, पण रिज सोअरिंगचा, म्हणजे कड्याला धडकून वर चढणाऱ्या वाऱ्यावर कड्यालगत तासभर तरंगत राहायचा सराव फक्त दोघांना आहे. बाकीचे अजून ‘वरून खाली’वालेच.

संध्याकाळी पश्चिमेचा वारा धरून टॉवर हिलवर उडायचा बेत आहे. साधारण किती वाजता वारा स्थिर होतो? ताशी १५ ते २० किमी असेल तर आम्ही खूश. २५च्या पुढे गेला की नवख्यांना जमिनीवरच बसवणार, मग कितीही रुसोत.

खरी काळजी गर्दीची आहे. शनिवार-रविवारी टँडमवाले (पाहुण्याला सोबत घेऊन उडणारे), शिकाऊ, सगळे त्याच पट्ट्यात. नियम पाठ आहेत : वळायचं ते डोंगरापासून बाहेर, आणि समोरासमोर आलो तर ज्याच्या उजवीकडे डोंगर त्याला उजवीकडे वळायला जागा नसते, म्हणून दुसऱ्याने बाजू द्यायची. पण तिथे हे खरंच पाळतात का, की आठवड्याच्या मधल्या दिवशीच यावं?

दुसरं, टॉप लँडिंग, म्हणजे माथ्यावरच परत उतरणं. माथ्यावर फार मागे गेलं की रोटरमध्ये (माथ्यामागच्या घुसळत्या वाऱ्यात) सापडायची भीती. नवख्यांना सरळ खालीच उतरवावं असं माझं मत, एका मित्राला ते अजिबात पटत नाही. नेहमी तिथे उडणाऱ्यांनी निवाडा करा!

पायथ्याशी पाच-सहा जणांसाठी साधी घरगुती राहायची-जेवायची सोय माहीत असेल तर तेही सांगा. पिठलं-भाकरी मिळाली तर उत्तमच.