फुरसतीला कर नाही, कष्टाला मात्र आहे?

ताळेबंद:
माझे दोन मित्र छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितात. दोघांचा तासाचा दर एकच आहे. परंतु पहिला दहा तास राबून वर्षाला १६ लाखांचे करपात्र उत्पन्न मिळवतो, तर दुसरा पाच तासांनी वह्या मिटून तानपुरा जुळवायला बसतो आणि ८ लाखांत समाधानी असतो. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पहिल्याला उपकरासह १,२४,८०० रुपये भरावे लागतात आणि दुसऱ्याला, आयकर कायद्यातील कलम ८७ए च्या (ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ करणाऱ्या) सवलतीमुळे, एक रुपयाही नाही. कुवत सारखीच असताना केवळ आवडीच्या फरकावर कर बसावा, हे न्याय्य आहे का?

अर्थार्थी:
अडचण अशी की सरकारला उत्पन्न दिसते, कुवत दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ जेम्स मिर्लीज यांनी १९७१ मध्ये याच अडचणीवरून इष्टतम कराची, म्हणजे समाजाचे सर्वाधिक हित साधणारा कर कसा असावा याची, मांडणी केली. मात्र तीत माणसे कौशल्याने भिन्न असली तरी फुरसतीची ओढ सर्वांना सारखीच असते, असे गृहीत धरले होते. आपला प्रश्न नेमका त्या गृहीतकाबाहेरचा आहे. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी पुढे फुरसतही मूलभूत हितांत (कोणालाही हव्याच असणाऱ्या गोष्टींत) मोजावी असे सुचवले, म्हणजे तानपुऱ्याचे पाच तासही आपल्या मित्राच्या जमेस धरावे लागतील. परंतु ते मोजायचे कसे? स्वतंत्र व्यावसायिकाला हजेरीपट नसतो. तास जाहीर करायला सांगितले, तर सोयीचा आकडा लिहिला जाईल.

अर्धवेळ:
कमी तास म्हणजे फुरसतच, हे आपण फार सहज धरून चालला आहात. मी चार वर्षे अर्धवेळ नोकरी केली, ती अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवण्यासाठी. माझ्या त्या दुपारी करखात्याने कोणत्या रकान्यात लिहिल्या असत्या?

दमडी:
कष्टांना न शिवणारा कर आपल्याकडे जवळजवळ आहेच, तो म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात दरमहा १०,००० रुपयांवर वेतन असलेल्या पुरुषाचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाचे हे २,५०० रुपये जास्त राबल्याने वाढत नाहीत, पण पगार लाखाचा असला तरी तेवढेच राहतात. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने त्यावर मर्यादा घातली आहे, हे बरेच म्हणायचे.

ताळेबंद:
अर्धवेळ, आपला आक्षेप मान्य. फुरसतीवर कर बसवण्याची कल्पना मी सोडतो. मात्र १६ लाखवाल्या मित्राची तक्रार त्याने मिटत नाही.