मदत हवी आहे: फायरवॉलमध्ये ब्लॉक केलं तरी सॉफ्टवेअर नेटला जातंच आहे

उंबरठा
जरा घाईत आहे, कोणाला माहीत असेल तर लगेच सांगा. एक पीडीएफचं सॉफ्टवेअर आहे, कामाला लागतंच, त्यामुळे ते काढून टाका असं कृपया कोणी सांगू नका. त्याला नेटचं काडीचं काम नाही, फाइल उघडायची, सही टाकायची, बंद करायची एवढाच आमचा संबंध. तरी उघडलं रे उघडलं की ते कुठेकुठे जोडलं जातं. नेटवरची ये-जा अडवणारी ती फायरवॉल असते ना, त्यात काल ब्लॉक केलं, रीस्टार्ट केलं, तरी यादीत कनेक्शन्स आहेतच. तीसचाळीस ओळी आहेत. माझ्या फाइल्स कोणाकडे जातायत का काय? डोकं फिरलंय.

राउटरबाबा
एकेका सॉफ्टवेअरच्या मागे धावत बसलात तर जन्म जाईल. पाय-होल बसवा, जाहिराती आणि नको ती डोमेन्स अडवणारं सॉफ्टवेअर. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक घ्यायचा, राउटरमध्ये डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारा, म्हणून त्याचा पत्ता द्यायचा, की घरातला प्रत्येक डिव्हाइस नाव विचारायला त्याच्याकडेच येतो आणि नको त्या नावाला तो ०.०.०.० असं उत्तर देऊन परत पाठवतो. फोन, टीव्ही, सगळं एका फटक्यात. मी बसवून विसरून गेलोय.

जुनी_चावी
ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) कुठली? फायरवॉल कुठली? यादी कुठे बघताय?

उंबरठा
नेहमीचीच विंडोज. फायरवॉल तीच, जी त्यात असते ती. यादी म्हणजे यादी, कनेक्शन्सची.

कडी_कोयंडा
यादी म्हणजे यादी 😀 अहो नेटस्टॅटची, रिसोर्स मॉनिटरची की अजून कशाची? त्यातल्या चारपाच ओळी इथे टाका, प्रोग्रामच्या नावासकट. न बघता औषध कसं देणार.

पेंग्विनप्रेमी
मूळ दुखणं विंडोज आहे, त्यावर कोणी बोलत नाही. लिनक्सवर या. ओपनस्निच टाका, कुठलाही प्रोग्राम पहिल्यांदा बाहेर जायला निघाला की तो अडवून तुम्हाला विचारतो, हा अमुक ठिकाणी चाललाय, सोडू का. आणि पीडीएफवर सही करणारी फुकट सॉफ्टवेअर्स ढिगाने आहेत.

जुनी_चावी
धागाकर्त्याने काढून टाका सांगू नका म्हटलं होतं, तुम्ही तर अख्खी ओएसच काढायला लावलीत.

रिकामटेकडा
व्हीपीएन घेऊन टाका ना, विषय संपला.

कडी_कोयंडा
नाही संपत. व्हीपीएनने वाट झाकली जाते, जाणारा थांबत नाही. ते सॉफ्टवेअर जे पाठवायचं ते पाठवणारच, फक्त बोगद्यातून पाठवेल. वर तुमचा खरा आयपी दिसला नाही तरी लॉगिन केलेलं असेल तर कोण आहात ते त्याला माहीतच आहे.

उंबरठा
टीसीपीव्ह्यू नावाचं टूल आहे त्यात बघतोय. ओळी अशा आहेत, पीडीएफवाल्याच्या नावापुढे १२७.०.०.१ आणि पुन्हा १२७.०.०.१, स्टेट एस्टॅब्लिश्ड. अशा सहा. मग लिसन असं लिहिलेल्या दोन. मग बाहेरच्या कुठल्यातरी पत्त्यावर पोर्ट ४४३ अशा तीन. बाकी ओळी एसव्हीसीहोस्ट नावाच्या कोणाच्यातरी आहेत, तोच व्हायरस वाटतोय.

कडी_कोयंडा
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर तीन प्रतिसाद वाचले असते. १२७.०.०.१ म्हणजे तुमचंच मशीन. त्या सॉफ्टवेअरचे दोन तुकडे आपापसात बोलतायत, ते मशीनच्या बाहेर पडतच नाही, त्या सहा ओळी विसरा. लिसन म्हणजे कोणी येतंय का म्हणून दार किलकिलं करून बसलाय, अजून कोणाशी बोलणं चालू नाही. तुमच्या कामाच्या ओळी फक्त त्या ४४३ वाल्या तीन, ४४३ म्हणजे सुरक्षित वेबसाइट्सशी बोलायचं दार. आणि एसव्हीसीहोस्ट व्हायरस नाही, विंडोजच्या बऱ्याचशा सेवा त्याच्या नावाखाली चालतात, त्याला हात लावू नका.

आता सांगा, रूल नक्की कुठे केलात?

वेलांटी
धागा मराठीत आहे म्हणून विचारते, फायरवॉलला अग्निभिंत म्हणायला काय हरकत आहे? रूलला नियम म्हणता येतं. वाचताना ठेच लागते.

आज्जीचा_चष्मा
अग्निभिंत म्हणजे आगीची भिंत झाली ताई. मूळची फायरवॉल ही आग पलीकडे पसरू नये म्हणून इमारतीत बांधतात ती भिंत, म्हणजे आगरोधक भिंत. तुमचा शब्द उलटा अर्थ सांगतो.

वेलांटी
मग आगरोधक म्हणा. इंग्रजी तरी नको.

रिकामटेकडा
आगरोधकात एसव्हीसीहोस्टला काय म्हणणार, सेवायजमान? 😂

उंबरठा
फोनवरून लिहितोय. लॅपटॉपचं नेट गेलं. कडी_कोयंडा यांचा प्रतिसाद येईपर्यंत मी एसव्हीसीहोस्ट ब्लॉक करून टाकलं होतं. आता वायफाय जोडलेलं दिसतं पण एकही साइट उघडत नाही. कसं परत आणू????

कडी_कोयंडा
😐 घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. साइटच्या नावावरून आयपी शोधणारी डीएनएस क्लायंट नावाची सेवा त्या एसव्हीसीहोस्टमध्येच चालते, आणि राउटरकडून पत्ता मागून घेणारीसुद्धा. तुम्ही पोस्टमनलाच कोंडलंत. केलेला रूल डिलीट करा, लगेच येईल. रीस्टार्टसुद्धा लागणार नाही.

उंबरठा
आलं. धन्यवाद. पीडीएफवाल्याचा रूल मी विंडोज फायरवॉलच्या त्या ॲडव्हान्स्डवाल्या खिडकीत केलाय, डावीकडे इनबाउंड रूल्स आहे तिथे न्यू रूल, प्रोग्राम, ब्लॉक. बरोबर केलंय ना?

जुनी_चावी
इनबाउंड!!! तिथेच गाडी अडली तर. इनबाउंड म्हणजे बाहेरून आत येऊ बघणारं. ते तर विंडोज मुळातच अडवते, परवानगी दिली असेल तेवढंच आत घेते. आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र ती विचारतसुद्धा नाही, कोणी मुद्दाम अडवलं नसेल तर सगळं सोडते. तुम्हाला हवंय ते आउटबाउंड. बहुतेकांचा हाच गोंधळ होतो, मीही पूर्वी महिनाभर इनबाउंडमध्ये रूल टाकून निर्धास्त होतो.

कडी_कोयंडा
आउटबाउंड रूल्स, न्यू रूल, प्रोग्राम, मग प्रोग्राम जिच्यातून चालतो त्या ईएक्सई फाइलचा पूर्ण पाथ, ब्लॉक द कनेक्शन, आणि पुढच्या खिडकीत डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक या तिन्हींवर टिक असू द्या. एकच टिक ठेवली आणि उद्या दुसऱ्या वायफायवर गेलात की रूल लागू होणार नाही. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट निवडू नका, त्यावर राइट क्लिक करून खरी फाइल कुठे आहे ते बघा. जे कनेक्शन आधीच उघडं आहे त्याचा घोळ नको म्हणून सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून परत चालू करा, घड्याळाजवळच्या कोपऱ्यात आयकॉन बसला असेल तर तिथूनही बाहेर काढा.

राउटरबाबा
बघा किती उपद्व्याप. एका प्रोग्रामसाठी एवढं. पाय-होलमध्ये त्या कंपनीचं डोमेन टाकलं असतं, झालं असतं.

कडी_कोयंडा
आणि त्याच डोमेनवर त्यांचा कामाचा सर्व्हर असेल तर? डीएनएसवाल्याला कोण विचारतंय हे मशीनपर्यंतच कळतं, मशीनमधला कुठला प्रोग्राम ते कळत नाही. ब्राउझरला सोडायचं आणि पीडीएफवाल्याला अडवायचं हे तुमच्या पाय-होलला जमणारच नाही. शिवाय प्रोग्रामने नाव न विचारता थेट आयपीवर उडी मारली तर तो बसला नुसता बघत.

राउटरबाबा
आणि तुमची विंडोज फायरवॉल टीव्हीवर चालते का? माझा टीव्ही रात्रभर कोणाशीतरी गप्पा मारायचा, कोणी बघत नसतानाही. तो कोणी अडवला?

जुनी_चावी
टीव्हीच्या बाबतीत बाबांचं बरोबर आहे, त्यावर फायरवॉल टाकताच येत नाही. पण बाबा, एकदा तुमचे लॉग बघा. बऱ्याच टीव्ही आणि डबड्यांमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस आतच कोरलेला असतो, राउटर काय सांगतो ते ती ऐकत नाहीत. त्यासाठी राउटरवर पोर्ट ५३ चं, म्हणजे साध्या डीएनएस विचारणांचं, सगळं वळवून पाय-होलकडे आणावं लागतं. आणि ब्राउझरमध्ये सिक्युअर डीएनएस चालू असेल तर तेही फसतं, कारण ती विचारणा पोर्ट ४४३ वरून साध्या वेबसाइटसारखीच जाते. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसचं सेटिंग आहे, तिथे कोणी दुसरं नाव भरलं असेल तर तो फोन तुमच्या पाय-होलला ओळखसुद्धा देणार नाही.

आयपीव्ही६ चं, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचं, केलंय का काही?

राउटरबाबा
त्याचा काय संबंध?

जुनी_चावी
राउटर जुन्या व्ही४ चा डीएनएस म्हणून पाय-होल सांगतो, आणि त्याच वेळी व्ही६ वर नेटवाल्या कंपनीचा डीएनएसही वाटत असतो. मशीन दोन्हींपैकी कोणालाही विचारतं. म्हणून अर्ध्या जाहिराती अडतात, अर्ध्या येतात, आणि माणूस म्हणतो बसवून विसरलो.

राउटरबाबा
बघतो.

सायंतारा
मॅकवर लूलू नावाची फायरवॉल आहे, फुकट आणि ओपन सोर्स, बाहेर जाणारं अनोळखी कनेक्शन विचारून सोडते. कोणाला पूर्ण भरवसा ठेवायचा असेल तर एक गंमत सांगते. २०२० मध्ये मॅकची बिग सर ही ओएस आली तेव्हा ॲपलने स्वतःच्या काही ॲप्सची एक यादी करून ती अशा फायरवॉल्सच्या नजरेतूनच वगळली होती. फायरवॉल चालू, आणि ती ॲप्स बाजूने निघून जायची. ओरड झाल्यावर बिग सरच्या ११.२ आवृत्तीत ती यादी काढली. त्यामुळे ओएसच्या आत बसलेली फायरवॉल ओएस दाखवेल तेवढंच बघते.

पेंग्विनप्रेमी
मी पहिल्यापासून काय सांगतोय!

काळा_बोका
मला दिवसातून दहा वेळा कर्जाचे फोन येतात, ते ब्लॉक करायला पण हेच चालेल का?

रिकामटेकडा
त्यांना आउटबाउंड शिव्या द्या.

उंबरठा
आउटबाउंड केलं, तिन्ही टिक केल्या, बंद करून चालू केलं. तीनपैकी एक ओळ गेली. एक ओळ आता त्याच फोल्डरमधल्या अपडेटर नावाच्या दुसऱ्याच ईएक्सईच्या नावावर आहे. आणि एक मायक्रोसॉफ्ट एज वेबव्ह्यू२ च्या नावावर, मी तर एज वापरतच नाही! ती पीडीएफवालं उघडलं की येते आणि बंद केलं की जाते.

कडी_कोयंडा
आता आलात मुद्द्यावर. रूल हा त्या एका ईएक्सईला लागतो, अख्ख्या सॉफ्टवेअरला नाही. अपडेटर वेगळा माणूस, त्याला वेगळा रूल. तो बहुधा टास्क शेड्यूलरमधून पण उठत असेल, तिथेही बघा. फोल्डरच्या नावात व्हर्जनचा आकडा आहे का तेही बघून ठेवा, काही सॉफ्टवेअर्स अपडेट झाली की नवीन फोल्डरमध्ये जाऊन बसतात आणि तुमचा रूल जुन्या रिकाम्या पाथवर पहारा देत उभा. मात्र अपडेटर अडवलात की सुरक्षेचे अपडेट्ससुद्धा थांबतात, आणि बाहेरून आलेल्या पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर जुनं ठेवणं बरं नाही. महिन्यातून एकदा रूल उठवायचा, अपडेट करायचं, परत लावायचा.

वेबव्ह्यूचं असं, आत साइन इन करा, नवीन काय आहे वगैरे जी पानं दिसतात ती दाखवायला आजकाल बरीच सॉफ्टवेअर्स एजचं इंजिन आतल्या आत वापरतात. नेटला जातं ते इंजिन, म्हणून नाव त्याचं. त्याला सरसकट ब्लॉक केलंत तर दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये पांढरी खिडकी दिसेल. आधी सेटिंग्जमध्ये होम स्क्रीन, क्लाउड, वापराची माहिती पाठवा असं जे काही असेल ते बंद करून बघा.

आज्जीचा_चष्मा
एक सांगू का, तुमच्या फाइल्स जातायत की नाही हे या सगळ्यातून कळलेलं नाहीच. ४४३ वरचं एन्क्रिप्टेड असतं, कोणाशी बोलतोय तेवढं दिसतं, काय बोलतोय ते नाही. किती बाइट्स बाहेर गेले ते टीसीपीव्ह्यूमध्ये दिसतं, मोठी फाइल उघडा आणि तो आकडा बघा. दहा एमबीची फाइल उघडून दहा केबी बाहेर गेले असतील तर अख्खी फाइल काही गेलेली नाही. नाव, पानं किती वगैरे जाऊ शकतं, ते वेगळं.

उंबरठा
होम स्क्रीन बंद केली, वेबव्ह्यूची ओळ गेली. अपडेटर ब्लॉक केला. आधीच्या सेशनमध्ये बाहेर गेलेला आकडा काही केबीतच दिसत होता, म्हणजे जीव भांड्यात पडला थोडा. सगळ्यांचे आभार, वेलांटी ताईंचेही.

आता त्याच यादीत प्रिंटरचं एक काहीतरी दिसतंय, तेही उडवू का?

जुनी_चावी
थांबा!! काहीतरी म्हणजे काय, आणि समोरचा पत्ता काय आहे?

उंबरठा
दोन आहेत. एक १९२.१६८ वगैरे, एक बाहेरचा.

कडी_कोयंडा
१९२.१६८ वाला तुमचा घरातला प्रिंटरच आहे, तो अडवलात तर छपाई बंद. रूल करा पण नंतर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये स्कोप टॅबवर रिमोट आयपीमध्ये ॲड करून तयार यादीतलं इंटरनेट निवडा, म्हणजे बाहेरचं अडेल आणि घरातलं चालू राहील. एक अलाऊ आणि एक ब्लॉक असे दोन रूल करायला जाऊ नका, दोन्ही लागू होत असतील तर ब्लॉकच जिंकतो. आणि आउटबाउंडमध्ये करा.

राउटरबाबा
जुनी_चावी, व्ही६ बघितलं. अर्धं घर पाय-होलला विचारतच नव्हतं. राउटरमध्ये व्ही६ चा डीएनएस बदलायचं सेटिंगच सापडत नाहीये, कुठे असतं?

जुनी_चावी
राउटर कुठला?

काळा_बोका
कर्जवाल्यांचं कोणी सांगितलं नाही.