मिशन, मिशनरी आणि ‘मिशनरी वृत्ती’

रामबाग, इंदूर :
आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी एका दिवंगत डॉक्टरांवर लेख लिहिला. उभी हयात त्यांनी झाबुआकडच्या खेड्यांत कुष्ठरोग्यांवर उपचार केले. लेखात एक वाक्य आहे : ‘त्यांनी मिशनरी वृत्तीने काम केलं.’ संपादक मंडळींचा निरोप आला की एवढा एक शब्द बदला, उगाच वेगळा अर्थ निघतो, ‘व्रतस्थपणे’ घाला.

डॉक्टर हिंदू होते, घरी गणपती बसायचा. म्हणजे अडचण त्यांच्या धर्माची नाही, शब्दाची आहे. पण हाच शब्द याच शहरात आपण किती परींनी वापरतो ते पाहा. नातवासाठी शाळा शोधताना ‘मिशनरी स्कूल आहे’ म्हटलं की ती शिस्तीची, चांगल्या इंग्रजीची हमी असते. जुनी माणसं ‘मिशनच्या दवाखान्यात नेलं म्हणून वाचला’ असं सांगतात. स्वच्छतेत इंदूर पहिलं आलं ते स्वच्छ भारत मिशनमध्ये, आणि त्याचा अभिमान आम्हां सगळ्यांना आहे. सरकारी काम जोरात असलं की ते ‘मिशन मोड’वर असतं. मात्र ‘गावात एक मिशनरी आलाय’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी येते. शाळा आणि दवाखाना यांच्या मागे जो शब्द आदराचा, तो माणसाच्या मागे लागला की संशयाचा कसा होतो? मला मनापासून जाणून घ्यायचं आहे, कारण शब्द बदलायला मन घेत नाही.

राजेंद्रनगर, इंदूर :
ताई, आधी मुळाकडे जाऊ. लॅटिनमध्ये ‘मिस्सिओ’ म्हणजे पाठवणं, रवानगी. मिशनरी म्हणजे पाठवलेला माणूस. आता गंमत नव्हे, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट : मराठीत ‘प्रेषित’ या शब्दाचा अर्थही अक्षरशः हाच. मराठी बायबलात येशूने पाठवलेल्या शिष्यांना प्रेषित म्हटलं आहे, त्यांच्या हकिगतीच्या पुस्तकाचं नाव ‘प्रेषितांची कृत्ये’. पाकिटावर आपण ‘प्रेषक’ लिहितो तो याच कुळातला. प्रेषित म्हटलं की हात जोडले जातात आणि मिशनरी म्हटलं की भुवया चढतात. अर्थ एकच, पण एक शब्द संस्कृताच्या दारातून आला आणि दुसरा साहेबाच्या राज्यात.

‘व्रतस्थ’ हा सुंदर शब्द आहे, पण तो इथे पुरेसा नाही. व्रत घरात बसूनही पाळता येतं. एकांतातला तपस्वी व्रतस्थ असतो, चाळीस वर्षं एकाच कोशावर काम करणारा पंडितही व्रतस्थ असतो. मिशनरी वृत्तीत घर सोडणं आहे, अनोळखी लोकांत जाऊन राहणं आहे, त्यांची भाषा शिकणं आहे. तुमच्या डॉक्टरांनी हेच केलं असेल तर मराठीत त्याला दुसरा नेमका शब्द मला सुचत नाही. ‘सेवाभावी’ आता इतका सैल झालाय की कुठल्याही ट्रस्टच्या पाटीवर दिसतो.

शिवाय हा शब्द एका धर्मात अडकून राहिलेला नाही. विवेकानंदांनी १८९७ साली संस्था काढली तिला ‘रामकृष्ण मिशन’ नाव दिलं. संन्याशांच्या संघाला हा शब्द घेताना त्यांना संकोच वाटला नाही.

सुदामानगर, इंदूर :
संशयाला कागदोपत्री इतिहास आहे, तो सोडून चालणार नाही. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने (राजधानी नागपूर, आपलं इंदूर तेव्हा ‘मध्य भारत’ या वेगळ्या राज्यात होतं) न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ख्रिस्ती मिशनऱ्यांचं कार्य हाच तिचा विषय. अहवाल १९५६ मध्ये आला. पुढे १९६८ मध्ये राज्याने धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला : बळ, प्रलोभन किंवा फसवणूक वापरून धर्मांतर घडवणं गुन्हा. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सगळा वाद एका शब्दावर येऊन ठेपला. घटनेच्या पंचविसाव्या कलमात धर्माचा ‘प्रसार’ करण्याचा हक्क आहे. न्यायालय म्हणालं, आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क त्यात येतो. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणण्याचा येत नाही. २०२१ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा, अधिक कडक कायदा आला.

म्हणजे आपल्या राज्यात ‘मिशनरी’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चौकशी, कायदा आणि खटला यांच्या शेजारी बसला आहे. शेजाराचा वास शब्दाला लागतोच. संपादकांना मी सरसकट दोष देणार नाही. पण २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात ख्रिस्ती ०.२९ टक्के होते. शब्दाची भीती आणि माणसांची संख्या यांचा मेळ बसत नाही, हेही खरं.

रामबाग, इंदूर :
दोघांचे आभार. वाक्य आहे तसंच ठेवते आहे, तसं कळवलंही. घर सोडून जाण्याचा मुद्दा मला पटला. आता एकच विचारायचं राहिलं. आम्ही बाहेरून बोलतोय. खुद्द मराठी ख्रिस्ती घरांत हा शब्द कसा वापरतात?

विजयनगर, इंदूर :
ताई, मी माहेरची नगरची, लग्नानंतर इंदूरला आले. आमच्या घरात ‘मिशनरी’ म्हणजे गोरे लोक, आजीच्या गोष्टींतले. नगरला अमेरिकन मराठी मिशन होतं, इथे कॅनडाचं. १८८७ चं इंदूर ख्रिश्चन कॉलेज ही त्यांचीच खूण. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, देखभाल करतो तो ‘पाळक’. खेड्यात जाऊन वचन सांगतो तो ‘सुवार्तिक’. कॅथलिकांत फादर आणि सिस्टर. आमच्यातला कुणीही स्वतःला ‘मी मिशनरी’ असं सांगताना मी ऐकलेलं नाही. तो शब्द शेजारी आमच्यासाठी वापरतात.

देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या सिस्टर राणी मारियांचं उदाहरण इंदूरकरांनी तरी विसरू नये. भूमिहीन मजुरांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला त्या झटल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारणाऱ्याच्या लेखी त्या ‘मिशनरी’ असतील. त्या मजुरांना त्या ‘सिस्टर’ होत्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदुरातच कॅथलिक चर्चने त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून जाहीर केलं. मी कॅथलिक नाही, तरी हा शब्द ऐकून भरून आलं; तुकोबांच्या अभंगांत भेटणारा ‘धन्य’ तो हाच.

शहराला आमच्या शाळा-दवाखाने माहीत आहेत. घरातलं फारसं माहीत नसतं. बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. पेटी, टाळ, आणि नारायण वामन टिळकांची पदं. दहाबारा माणसं, नंतर चहा-पोहे, शेव घालून, इंदुरी पद्धतीने. हल्ली नव्या सोसायटीत आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवावं लागतं की ही आमची नेहमीची उपासना आहे, बाहेरचं कुणी नाही. पूर्वी कुणी विचारत नसे. मला त्याचं वाईट वाटतं आणि ते इथे लिहावंसं वाटलं.

टिळकांचं नाव निघालंच आहे तर सांगते. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. बरीच वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करून १९१७ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ख्रिस्त त्यांनी सोडला नाही, मिशन सोडलं.

आणि एक विनंती. इथे हिंदीच्या सवयीने मराठी लेखातही ‘ईसाई’ छापतात. हिंदी भाषक बंधू स्वतःला ‘मसीही’ म्हणवतात, आम्ही ‘ख्रिस्ती’. सणाला ‘बडा दिन’ नको, ‘नाताळ’ लिहा.