आधी भरती की आधी रान? मराठवाड्यातली पोरं वन्यजीवांच्या कामात आणायची कशी

माळरानकर:
2021 मध्ये गौताळा अभयारण्यात आणि 2024 च्या डिसेंबरात येडशीच्या अभयारण्यात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एकेक वाघ आला. ते टिपेश्वरचेच, हे अंगावरच्या पट्ट्यांवरून ठरलं. पट्टे जुळवायचे तर डाव्या कुशीचा फोटो डाव्याशीच लावावा लागतो, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे हवेत, जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे. हे काम गावातल्या पोराला यायला हवं. पण आपल्याकडच्या अकॅडम्या पोरांना वनरक्षक भरतीसाठी नुसतं पळवतात, रान कुणी शिकवत नाही. माझं मत: 12वीनंतर सहा महिने कॅमेरा, ट्रान्सेक्ट (सरळ रेषेत चालत जनावरं मोजणं) आणि पंचनामा शिकवा. भरती त्यानंतर.

बीट नंबर चार:
आणि सहा महिने घर कुणी चालवायचं? वनरक्षकाचं मूळ वेतन 21,700 पासून सुरू होतं. कॅमेरे लावण्याची कामं प्रकल्पापुरती, चार-सहा महिन्यांची. आपल्या वनवृत्तातल्या, म्हणजे वनखात्याच्या आपल्याकडच्या विभागातल्या, जागा विदर्भाच्या मानाने थोड्या, मग स्पर्धा किती ते बघा. शिवाय गळती 11वीतच सुरू होते. 12वीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांपैकी एक विषय लागतो. कला शाखेत भूगोल-अर्थशास्त्र दोन्ही टाळलेलं लेकरू अर्जातच बाद. हे 10वीच्या निकालाच्या दिवशी सांगायला हवं आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. धावणं पुरुषांना 5 किमी, मुलींना 3. पुढे चार तासांत 25 किमी चालायचं, मुलींना 16. त्या दिवशी कोरे बूट घालून आलेल्यांचे पाय दहाव्या किलोमीटरला फोडांनी भरतात. ‘रान’ राहू द्या, आधी हे तरी शिकवा.

माळरानकर:
विषयांचं मान्य, ते पहिल्या दिवशीच सांगा. पण वनरक्षक झालेल्याला तरी कॅमेरा नीट लावता येतो का? बिबट्या-तरसासाठी गुडघ्याच्या जरा खाली, खोकडासाठी वीतभर उंचीवर, वाटेपासून तीन-चार मीटर. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला केलं की उगवता-मावळता सूर्य भिंगात शिरतो. समोरची कुसळी कापली नाही तर वाऱ्याने हललेल्या गवताचे हजारो फोटो, चार दिवसांत कार्ड भरलं आणि सेलही उतरले. तारीख-वेळ चुकली असेल तर चांगला फोटोही नोंदीला निरुपयोगी. आणि आपल्याकडची खास अडचण म्हणजे मे महिना. सेन्सर अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतला फरक टिपतो. दुपारी पारा 42 वर गेला की हा फरक उरत नाही, जनावर समोरून गेलं तरी कॅमेरा गप्प. मग कोऱ्या कार्डावरून कुणीतरी लिहितो, ‘इथे काही नाही’. (चोरी वेगळीच. लोखंडी पेटी, साखळी, कुलूप धरूनच हिशोब करा.)

गोदाकाठची:
तुम्ही दोघं नोकरी आणि यंत्र यांतच अडकलात. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तरी पैठणच्या बाजूला पक्षी ओळखून दाखवणाऱ्या मुली किती? नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुण्या पक्ष्यांचा हंगाम, पुढचे आठ महिने काय? म्हणून फक्त गाइड तयार करायलाही माझा विरोधच आहे. हंगामाला जोडून लोक जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातली झाडं-जनावरं नोंदवण्याचं, काम द्या. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती आणि नोंदवही करायची आहे. बऱ्याच ठिकाणी ती शेजारच्या गावाची नक्कल असते, डोंगर नसलेल्या गावात डोंगरी झाडं सापडतात! गायरानातल्या गवतात पवन्या कुठला, मारवेल कुठला, हे मेंढपाळाच्या पोरीला कोर्सशिवाय कळतं. तिला लिहायला शिकवायचं, एवढंच.

बीट नंबर चार:
ताई, बरोबर. पण नोंदवहीचं मानधन एकदाच मिळतं, दरमहा नाही.

शिवारातला:
पंचनाम्याचं सगळे विसरले, आणि गावाला रोज तेच लागतं. शेळी मेली की कुणी बिबट्या म्हणतं, कुणी लांडगा, आणि असतात मोकाट कुत्री. मानेवरचं कातडं सोलून बघायचं. दातांच्या खुणांभोवती मांसात रक्त साकळलेलं असेल तर जिवंतपणी धरलं, नसेल तर मेल्यावर कुणीतरी खाल्लं. बिबट्या नरड्याला एकच घट्ट पकड घेतो, कुत्री मागचे पाय, कान, पोट असं कुठेही फाडतात. ठशात नखं उमटली तर सहसा मांजरकुळातलं नाही. फोटो पट्टी ठेवून काढायचा, नुसता ठसा काढला तर माप कळत नाही. भरपाई हवी तर 48 तासांत वनखात्याला कळवायचं आणि तोवर जनावर हलवायचं नाही. वास सुटला म्हणून उकिरड्यावर टाकलं की प्रकरण तिथेच संपलं. भरपाई बुडालेला माणूस दुसऱ्या खेपेला मढ्यात विष घालतो. एवढं जाणणारं एक पोरगं गावात असलं तर लांडगा वाचतो, मग ते वनरक्षक होवो न होवो.

माळरानकर:
म्हणून तर म्हणतो, आधी रान!

बीट नंबर चार:
पंचनाम्यावर सही वनखात्याचीच लागणार. पोराच्या ज्ञानाला कागदावर जागा नाही, हे तुम्ही टाळताय. आणि अभयारण्यात कॅमेरा लावायचा तर कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी, ती गावच्या मंडळाला कोण देणार?

गोदाकाठची:
मग अभयारण्यात कशाला जाताय? काळवीट, खोकड, लांडगा अभयारण्याबाहेरच्या माळावरच जास्त. गायरानात ग्रामपंचायतीचा ठराव घ्या, वनपरिक्षेत्र कार्यालयाला पत्र द्या. दोन किलोमीटरची सरळ रेषा आखून सकाळी काळवीट मोजा. जिथे पहिल्यांदा दिसलं तिथलं अंतर लिहायचं, पळून थांबलं तिथलं नाही. सगळे इथेच चुकतात. डांबरी रस्त्यावरून तर मोजूच नका.

बीट नंबर चार:
हे जमेल. पण वेळ पहाटेची ठेवा, साडेसातपर्यंत आटपा. आठला पोरं मैदानावर लागतात.