प्रतिसाद: आवड शिल्लक, ओढ गेलेली

नैराश्यावरच्या या चर्चेत 'मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झालं की नैराश्य येतं' असं वर दोघांनी लिहिलंय. प्रकरण इतकं सरळ नाही. 2022 मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, त्यात या समजुतीला ठोस आधार सापडला नाही. (पण त्यामुळे नैराश्यावरची औषधं निरुपयोगी ठरत नाहीत. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका, कृपया.)

नैराश्यात कशातच रस न उरण्याबद्दल मला मिशिगन विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या प्रयोगांत मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ संपवलेले उंदीर समोरच्या अन्नाकडेही वळेनात. पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं की चव आवडल्याच्या खुणा नेहमीसारख्याच दिसत. आवड शाबूत, ओढ गेलेली! माणसाचं नैराश्य उंदरावरून पूर्ण उलगडत नाही, तरी काही रुग्णांत असंच दिसतं: ताट समोर आणून दिलं तर चार घास गोड लागतात, पण उठून वाढून घेणं होत नाही. अशा माणसाला 'मनावर घे' म्हणणं क्रूर आहे, कारण नेमकं तेच त्याला जमेनासं झालेलं असतं. 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' या उपचारात म्हणूनच उत्साहाची वाट न पाहता अगदी छोटी कामं वेळ ठरवून करायला घेतात. घरच्यांनी सोबत केली तर ते पुष्कळ सोपं जातं.