अमूर्त चित्रं खरंच काही शिकवतात का?

कोरा_कागद:
परवा चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या एका कॅनव्हाससमोर वीसेक मिनिटं उभी राहिले. पहिली पाच मिनिटं नुसता वैताग. पिवळट पृष्ठभाग, मध्ये काही खुणा, त्याही अर्धवट पुसलेल्या. 'हे आहे तरी काय?' हा प्रश्न सोडला, तेव्हा कुठे दिसलं की रोलरने चढवलेल्या थराखाली आणखी एक थर आहे आणि कडेला खालचा रंग डोकावतोय. हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचा म्हणतात. आपल्याला प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटवायची घाई असते. न कळलेल्या गोष्टीपाशी थांबायची सवय मला या चित्रांनी लावली. तुमचं काय?

तिरकस:
घ्या! न कळण्याचंही तत्त्वज्ञान झालं. डच चित्रकार मोंद्रियानचं 'न्यूयॉर्क सिटी १' घ्या. १९४१चं, लाल-पिवळ्या-निळ्या चिकटपट्ट्यांचं. १९४५ पासून लोक बघताहेत आणि २०२२ मध्ये संग्रहालयानेच सांगितलं की बहुधा उलटं टांगलंय! १९४४च्या स्टुडिओतल्या फोटोत पट्ट्यांची दाटी वर आहे, भिंतीवर ती खाली. चित्र उलटं होऊनही धडा तोच राहत असेल, तर तो चित्रातला नाही, बघणाऱ्याच्या खिशातला. ढगात हत्ती दिसतो तसा.

जुना_खोडकर:
+१. आणि कॅटलॉगातली ती भाषा! 'अवकाशाचे स्पंदन' म्हणे. चित्रं एक वेळ चालतील, ते आवरा कुणीतरी.

सुतळी:
तिरकस, गोष्ट अर्धीच सांगितलीत. कळल्यावरही ते चित्र फिरवलं नाही, कारण जुन्या पट्ट्या सुटून येतील ही भीती. कुठली चूक दुरुस्त करायची आणि कुठली तशीच सांभाळायची, हा प्रश्न घरोघरी असतोच की. (हेही माझ्याच खिशातलं म्हणा हवं तर.)

पण ढगाचं पटलं नाही. मोंद्रियानचीच झाडं ओळीने बघा. १९११च्या करड्या झाडात खोड-फांद्या स्पष्ट ओळखू येतात. १९१२च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात जवळजवळ कमानीच उरल्यात. काय गाळायचं ते त्याने ठरवलंय. ढग काही ठरवत नाही.

तिरकस:
ढग ठरवत नाही, हे मान्य. पण किती तासायचं ते सुतारही ठरवतोच. त्याच्या खुर्चीला कुणी जीवनदृष्टी विचारत नाही, बसतात. नोकरी सोडू की नको, याचं उत्तर त्या कमानींत कुठे शोधू?

कोरा_कागद:
अहो, नोकरीचं चित्राला कशाला विचारताय! उपदेश मिळाला असं मी म्हटलंच नव्हतं, सवय लागली म्हटलं. बाकी एक कबुली देते. विसाव्या मिनिटाला मला त्या पिवळ्यात धुक्यातलं पाणी दिसायला लागलं होतं. गायतोंड्यांना तर 'अमूर्त' हा शब्दही पटत नसे, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे कुठलीच वस्तू न दाखवणारं. म्हणजे पाणी माझंच.

तिरकस:
हत्ती नाही तर पाणी. नोंद घेतली आहे.